‘यात नवीन काही नाही’

प्रिय झ्लाता,

पाणी उकळायच्या आधी किटली केवढी घुमते, आणि ते खरोखर उकळू लागले की तिचा आवाज एकदम मऊ होतो, हे तिकडे येरेवानमध्येही तुझ्या लक्षात आले असेल. तो आवाज उकळण्याचा नसतोच. तळाशी जन्मलेले वाफेचे बुडबुडे वरच्या गार पाण्यात शिरतात आणि क्षणात चिरडले जातात. आपण ऐकतो ते त्यांचे चिरडणे. सगळे पाणी सारखे तापले की ते तगतात. किती सुंदर आहे हे! तू आणि माझ्या रोदिओनने मिळून याच चिरडण्याचे गणित मांडलेत, आणि त्यासाठी माझा मुलगा हिवाळ्यापासून कोठडीत आहे.

क्रमाने सांगतो, कारण तुला सारे तुकड्यातुकड्यांनीच कळले असणार. मंत्रालयाला परदेशी नियतकालिकांत लेख हवे होते. लेख नाहीत तर प्रयोगशाळेला निधी नाही. लेख बाहेर धाडायचा तर त्यात गुपित नसल्याचा समितीचा दाखला हवा. तो दाखला लेखकानेच लिहायचा आणि समितीने खाली सह्या करायच्या, ही आपली जुनी रीत. त्यातले ठरलेले वाक्य तुला पाठ असेल: ‘यात नवीन काही नाही.’ आम्ही सारे ते डोळे मिटून लिहीत आलो. रोदिओनने ते खोडले. “बाबा, नवीन नसेल तर छापायचं कशाला?” म्हणाला, आणि लिहिले, ‘यात पुष्कळ नवीन आहे.’ समितीने न वाचता सह्या केल्या. मंत्रालयाने लेखाला पदक दिले.

मग धोरण बदलले. पाणबुडीच्या पंख्यापाशीही बुडबुडे असेच चिरडतात, हे कुणाला तरी आठवले. सुरक्षा सांभाळणारे उपकुलगुरू ग्रेचुखिन मला चहा पाजत म्हणाले, “अहो प्राध्यापक, यात नवीन आहे, म्हणजे गुपित आहे, असं पोरानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. आम्ही काय करणार?” हे किटलीतही घडते, असे मी समजावू लागलो. “मग किटलीही गोपनीय करू की!” ते खूप हसले. समितीने साक्ष दिली की रोदिओनने आपल्याला फसवले. भेटीत रोदिओनचे पुढचे दात नव्हते. त्याने एवढेच विचारले, “झ्लातानं शेवटचं समीकरण सुधारलं का?”

काल विद्यापीठातून तुला माझा मेल आला असेल: विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, निर्धास्त ये. तो मी ग्रेचुखिनच्या टेबलाशी बसून लिहिला. “लेखाचे लेखक दोन, तर शिक्षाही वाटून देऊ,” ते म्हणाले. “तिला बोलवा, पोराची निम्मी वर्षं कमी.” येऊ नकोस. हे पत्र हातोहात धाडतो आहे. त्याची किंमत रोदिओन मोजेल, आणि त्याला मी विचारलेले नाही. आता ते मला तुला फोन करायला लावतील. मी गोड बोलेन, कदाचित मनापासूनही. म्हणून, मी अजून खरे बोलतो आहे का हे ओळखायची एक सोपी चाचणी सांगतो, कुठल्याही शिक्षकावर करून पाहता येईल अशी. बोलता बोलता सहज म्हण, “पाणी गोठताना आकसतं.” मी तिथल्या तिथे तुझी चूक दाखवली नाही, तर फोन ठेवून दे.

तुझाच,
इनोकेंती प्लातोनोविच