हवेवर फिरणारं मीटर

४ मार्च, मंगळवार. लातूर
गल्लीतली पाण्याची नवी मीटर आजपासून चालू. आता दारोदार जाऊन आकडे उतरवायचे नाहीत, ते आपोआप ऑफिसच्या स्क्रीनवर आणि माझ्या मोबाइलवर येतात. माझं काम फक्त बिघाड दिसला तर जायचं. मला किती दिवस कामावर ठेवणार, मीटर कंपनीच्या सरांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

६ मार्च, गुरुवार
पाण्याचा वार. स्क्रीनवर गल्लीभर बिघाडाचे लाल ठिपके (पुढे ला. ठि.). कारण कळलं. पाणी कोणत्या वेळी येईल याचा नेम नाही, म्हणून आमच्याकडे सगळे नळ उघडे ठेवतात. आधी हवा येते, नळ फुसफुसतो, मग घागरी घेऊन पळायचं. नवं मीटर त्या हवेवर गरगर फिरलं. त्याला वाटलं लाइन फुटली. झडप आपोआप बंद. मागून पाणी आलं, घरात थेंब नाही.
शेजारच्या काशीमावशीकडे सून बाळंतीण. मी झडप उघडली तोवर पाणी गेलेलं.
"लई शहाणं हाय की रे तुझं मीटर. फुसफुसलं अन् चिडीचूप."
आमच्या घरीही तेच.

७ मार्च
सर म्हणाले, नळ बंद ठेवायला सांग. सांगितलं. मावशी म्हणाली, "मग पाणी आलेलं कळावं कसं? तू सांगनार हाईस का?"
हाव म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

१३ मार्च, गुरुवार
जमलं. शिवराजमामा आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह सोडतात, त्यांनी तो सोडताच मला मिस कॉल दिला. मी मावशीला फोन केला, "नळ बंद आहे ना? थोडं थांबा, मग सोडा." मावशीने गॅलरीतून सगळ्यांना ओरडून सांगितलं. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाला मीटर नाही, हवा तिथून निघून जाते. एकही ला. ठि. नाही. सगळ्यांचं भरलं.
झोपताना वाटलं, मामांचा मोबाइल बंद पडला तर?

२० मार्च, गुरुवार
पुन्हा जमलं. गल्लीतली पोरं मला 'भोंगा' म्हणतात.

२१ मार्च
सर: "तुझ्या गल्लीत एकही ला. ठि. नाही. मग तिथं माणूस कशाला?"
सोमवारपासून नांदेड, विष्णुपुरीकडे मीटर बसवायला. महिनाभर. पुढचं बघू म्हणाले. फोनचं सगळं सांगितलं. "म्हणजे मीटर नीट चालतंय," म्हणाले.
परत ला. ठि. आले तर, असं विचारलं.
"आले तर तुलाच बोलवावं लागेल."
हे वाक्य डोक्यातून जात नाही.

२३ मार्च, रविवार
बॅग भरली. आईला गुडघ्यामुळे घागर उचलवत नाही. गुरुवारी तिचं कोण भरणार, ठरलेलं नाही.
मावशीने धपाटे करून दिले. "नांदेडहून फोन लागतो का रे?"
"लागतो."
"लागंल तवा लागंल. तू जवळ न्हाईस तर मला भरवसा न्हाई. ह्या बारीला नळ उघडाच ठेवते. समद्यांनाच तसं सांगितलंय."
मी समजावून सांगायला हवं होतं. धपाटे गरम आहेत, एवढंच बोललो.

२५ मार्च. नांदेड
खोलीत तिघं. मीटर तीच, गल्ली दुसरी. इथेही नळ उघडे दिसले. बंद ठेवा असं कुणाला सांगितलं नाही.

२७ मार्च, गुरुवार
दुपार. मामांचा मिस कॉल येऊन गेला. म्हणजे व्हॉल्व्ह सुटला.
आता फोन केला तर मावशी नळ बंद करील, ओरडेल, सगळ्यांना पाणी मिळेल. आमची गल्ली माणसाशिवाय चालते, हे सरांना पुन्हा दिसेल.
नाही केला तर घागरी रिकाम्या, गल्ली लाल, आणि सरांना मलाच
हवा पोचायला थोडा वेळ लागतो. मावशीचा नंबर काढून ठेवला आहे. मोबाइलच्या स्क्रीनवर गल्ली अजून हिरवी.