मळ्याच्या वाटणीचा अल्गोरिदम

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. या घरात ती वाचून समजेल असा दुसरा कोणी नाही.

रांजणगावच्या कंपनीतली नोकरी सोडून दीड महिना झाला. पाच वर्षं फिक्स्चर डिझाइनमध्ये, म्हणजे मशीनवर भाग धरून ठेवणारी साधनं आखण्यात, एकाच ब्रॅकेटला भोकं पाडत होतो. आता पॅरामेट्रिक डिझाइन. ऑनलाइन कोर्स पूर्ण (शेवटची दोन मॉड्यूल्स सोडून. बेसिक असावीत). यात रेघ आपण मारायची नसते. आपण फक्त नियम आणि आकडे द्यायचे, रेघ कॉम्प्युटर मारतो. एक स्लायडर सरकवला की अख्खा आकार बदलतो. हे सकाळी सुलक्षणाला समजावून सांगितलं. ती डबा भरत होती. म्हणाली, अहो, माझी बस चुकेल. बायको त्याच कंपनीत क्वालिटीला आहे. तिच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हती.

संकल्प: रोज पाचला उठून दोन तास स्क्रिप्टिंग.

५ जानेवारी, सकाळी ९
आता उठलो. थंडी. थंडीत मेंदू उशिरा चालू होतो, यावर कुठे तरी संशोधन झालेलंच असणार.

९ जानेवारी
आबा आणि हौशीरामतात्या, म्हणजे माझे वडील आणि धाकटे चुलते, रस्त्याकडच्या मळ्याची वाटणी करणार. साडेतीन एकर. ऊस तुटून गेलाय, रान मोकळं आहे.

आबांची पद्धत अशी: रस्त्यापासून मागच्या ओढ्यापर्यंत मधोमध दोरी ताणायची. एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची, विहीर सामाईक. हे सांगताना त्यांना जराही संकोच वाटला नाही. लोक गोलाकार छपरांचे विमानतळ बांधतायत आणि तळेगाव ढमढेऱ्यात अजून दोरी.

मी म्हणालो, ही भूमितीची समस्या आहे. माती, उतार, पाणी, सावली, सगळं मोजून सोडवली पाहिजे. आबा म्हणाले, आरं, दोरीनं आजवर कुनाचं भांडान झालं न्हाई. मी म्हणालो, कारण भांडण्याइतकंसुद्धा कुणाला कळत नव्हतं. आबा गोठ्यात निघून गेले. मुद्दा पटला असावा.

११ जानेवारी
मळा मलाच का सोडवायचाय, ते इथे लिहून ठेवतो. रस्त्याला लागून माझा स्टुडिओ. दर्शनी भाग काचेचा, छप्पर लाटेसारखं. पाटी: कम्प्युटेशनल डिझाइन स्टुडिओ. न्हावऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून दिसली पाहिजे. त्यासाठी आपल्याला रस्त्याकडची जागा मिळायला हवी. आबांच्या दोरीनं फक्त अर्धीच रस्त्याची बाजू येते. अर्ध्यात लाट बसत नाही.

सुलक्षणाला कल्पना सांगितली. म्हणाली, फेब्रुवारीअखेरपर्यंत बघा काय होतंय, नाही तर मार्चला परत जॉइन व्हा. जुने साहेब अजून विचारतात म्हणे. विचारणारच. माझ्यासारखा माणूस त्यांना कुठे मिळणार? पण त्या ब्रॅकेटकडे मी परत जाणार नाही. काहीही झालं तरी नाही.

१४ जानेवारी
आबा अखेर तयार झाले. म्हणाले, कर तुला काय करायचं ते, पर लौकर कर, पुढचं पीक थांबत न्हाई. आईनं तिळगूळ दिला. त्यापेक्षा रॅम दिली असती तर उपयोग झाला असता.

१८ जानेवारी
मळा मोजला. कडेकडेनं चालत, मोबाइलवर. निम्म्यात बॅटरी संपली, ओढ्याकडची बाजू अंदाजे घेतली. ओढा तसाही वाकडाच आहे.

पद्धत: मळ्यावर ठिपके टाकायचे, प्रत्येक ठिपक्याभोवती त्याचा तुकडा आपोआप पडतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. प्रत्येक तुकड्याला गुण द्यायचे. मग दोन्हीकडच्या गुणांची बेरीज सारखी येईपर्यंत कॉम्प्युटर तुकड्यांची अदलाबदल करत राहतो. मानवी हस्तक्षेप शून्य.

आबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, फरश्या बसवतोयस व्हय? मी स्क्रीन वळवून घेतली.

२१ जानेवारी
पहिला रन. निकाल: मळा मधोमध सरळ दुभागलेला, रस्त्यापासून ओढ्यापर्यंत. सॉफ्टवेअरमध्ये बग.

२३ जानेवारी
बग नव्हता. गुण चुकले होते. मी रस्त्याला अधिक गुण दिले होते. पण शास्त्रीय दृष्टीनं रस्ता म्हणजे काय? धूळ. हॉर्न. उसाच्या ट्रॉल्या. हे सगळे तोटे. रस्त्याकडच्या तुकड्यांना उणे गुण. याउलट ओढ्याकडे शांतता, गार वारा, मोर. त्यांना अधिक गुण. (मोर मी पाहिलेला नाही, पण येऊ शकतो.)

स्लायडर हळूहळू सरकवला. विसाव्या प्रयत्नात अचूक निकाल आला. 'अ' वाटा: रस्त्याकडचा, चौकोनी, रस्त्याची पूर्ण बाजू, दोन एकर. 'ब' वाटा: मागचा, दीड एकर, नऊ कोपरे. रस्त्याच्या त्रासाची भरपाई म्हणून 'अ'ला जमीन जास्त. गुण दोन्हीकडे शंभरास शंभर. डोळ्यांत पाणी आलं. मी काहीही केलेलं नाही, गणितानं केलं.

'अ' आपला. तात्यांना शांतता.

२५ जानेवारी
सुलक्षणानं आज एकच प्रश्न विचारला. पहिला वाटा कोण उचलणार? म्हणालो, अर्थातच थोरले. मोठेपणाला काही किंमत आहे की नाही? ती बघत राहिली. शिफ्ट करून आलेलं माणूस असंच बघतं.

आईही उचलण्याच्या रीतीबद्दल काहीतरी सांगायला आली होती. लॅपटॉप तापला होता, त्याच्याखाली ताट पालथं घालत होतो, नीट ऐकलं नाही. रीत म्हणजे ज्यांना मोजता येत नाही त्यांची सोय.

२७ जानेवारी
तात्या आले होते प्लॅन बघायला. हा माणूस दुपारभर पारावर पत्ते कुटतो. रंगीत तुकड्यांकडे बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, बाळा, रस्त्याचा तरास धरलास का ह्यात? म्हणालो, सगळ्यात आधी तोच. तात्या म्हणाले, लई ब्येस केलंस. शिकल्याचं चीज झालं. दोनदा चहा घेतला. म्हणाले, आता ह्यात कुनी ढवळाढवळ करायची न्हाई.

मी माणसं ओळखायला चुकलो होतो. घराण्यात डोकं असलेला आणखी एक जण आहे.

त्यांच्याच सूचनेवरून मी अट घातली: मारुतमामांसमोर प्लॅन कबूल झाला की कुणीही मागे फिरायचं नाही. मारुतमामा हे आबांचे मामा, ऐंशीच्या पुढचे. दौंडहून येतील. भावकीत कुठलीही वाटणी त्यांच्याशिवाय होत नाही. कारण विचारू नये.

३० जानेवारी
संध्याकाळी आबांनी विचारलं, दोन्ही वाटं सारखं हायत ना? म्हणालो, शंभर टक्के. पुन्हा विचारलं, म्हंजी कुठलाबी माझ्या पदरात पडला तरी चालंल ना? म्हणालो, आबा, गणितानं सिद्ध झालंय. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, तू म्हनतोस तर असंल. प्लॅन न बघताच झोपले.

या माणसाला कुतूहलच नाही.

१ फेब्रुवारी, दुपारी २
लिहायची इच्छा नाही. पण नोंद हवी.

सकाळी मळ्यात सगळे जमले. खुणेचे दगड मी स्वतः रोवून घेतले. नऊ कोपऱ्यांना दगड कमी पडले, दोन जागी विटा ठेवल्या. मी 'अ' आणि 'ब' समजावून सांगितले, शांतता आणि मोरासकट. मामांनी दोघांना विचारलं, कबूल? दोघं म्हणाले, कबूल. मी अट पुन्हा वाचून दाखवली. मामा म्हणाले, पोरगं पक्कं हाय.

मग मामा म्हणाले, थोरल्याच्या घरानं वाटं पाडलं. हौशीराम, उचल.

मी म्हणालो, थांबा. तेव्हा मला सांगण्यात आलं की आमच्याकडे वाटे थोरल्यानं पाडायचे आणि पहिला हात धाकट्याचा. सात पिढ्यांपासून. लहान पोरालाही माहीत असतं म्हणे. आई मान खाली घालून उभी होती.

मी शांतपणे मुद्दा मांडला की वाटे आबांनी पाडलेलेच नाहीत, अल्गोरिदमनं पाडलेत, आणि तो निःपक्ष असतो. मामांनी विचारलं, त्यो जेवतो कुनाच्या घरी?

लोक हसले. अज्ञानी लोकांना हसायला फार लागत नाही.

तात्या 'अ'च्या दगडापाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, दादाचं आता वय झालं, दादाला शांतता घिऊ द्या. रस्त्याचा तरास मी सोसतो.

मी म्हणालो, गुणांमध्ये थोडी दुरुस्ती करावी लागेल, दहा मिनिटं द्या. तात्या म्हणाले, अट तूच घातलीस बाळा. आबा माझ्याकडे वळले. दोन्ही सारखं हायत म्हनला व्हतास. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणालो, हो, आहेत. आबा म्हणाले, मग झालं तर. आणि 'ब'मध्ये जाऊन उभे राहिले.

३ फेब्रुवारी
विश्लेषण. अल्गोरिदम बरोबर होता. इनपुट अपुरं होतं. ज्या समाजात रीत आधीच सांगितली जात नाही, तिथे डिझाइनर काय करणार?

५ फेब्रुवारी
आई म्हणते, सांगितली होती.

११ फेब्रुवारी
तात्यांचा सार्थक रस्त्याच्या कडेला गाड्या धुण्याचं सेंटर टाकतोय. अख्ख्या बाजूला. वर सरळसोट पत्रा. मला विचारायला आला, दादा, पत्र्याला उतार किती देऊ? जरा लाटेसारखं सुचवलं. म्हणाला, नको, पाणी साचंल.

तालुक्यात सौंदर्यदृष्टी नावाची गोष्ट नाही.

१७ फेब्रुवारी
आबांनी 'ब' नांगरायला ट्रॅक्टर लावला. प्रत्येक कोपऱ्यात ट्रॅक्टर मागे-पुढे, मागे-पुढे. ड्रायव्हरनं दुपारीच हात जोडले. म्हणाला, आबा, हे रान हाय का नक्षी? आबांनी राहिलेले कोपरे कुदळीनं खणायला घेतले. मी बांधावर उभा होतो. मदत करणार होतो, पण कुदळ एकच होती.

मोर आलेला नाही.

२२ फेब्रुवारी
आबा माझ्याशी नेहमीसारखंच बोलतात. एकदा ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं. उत्तर तयार आहे, पानभर.

२८ फेब्रुवारी
सकाळी जुन्या साहेबांना फोन केला. सोमवारपासून ये म्हणाले. तेच टेबल. हे तात्पुरतं आहे. सुलक्षणा 'बरं' एवढंच म्हणाली आणि माझा जुना डबा घासायला काढला.

संध्याकाळी आबा म्हणाले, चल रानात. 'ब'च्या ओढ्याकडच्या टोकाला घेऊन गेले. तिथे माझ्या प्लॅनमुळे एक टोकदार त्रिकोण तयार झालाय. त्यात ट्रॅक्टर वळत नाही, आबांची कुदळही धड पोचली नव्हती. तेवढा सोडून बाकीच्या रानात त्यांनी कांदा लावलाय. त्रिकोण त्यांनी झाडून साफ केला होता. दगडगोटे वेचून बाजूला रचले होते, वीटसुद्धा जागेवर नीट लावली होती.

म्हणाले, हितं बांध तुझं आफिस. हितं तसंबी काय पिकनार न्हाई.

टोमणा आहे का म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. नव्हता. ते खरंच देत होते. दीड एकरातलं. जन्मात इतकी लाज वाटली नव्हती.

मग म्हणालो, आबा, इथून रस्ता दिसत नाही. आबा म्हणाले, न्हाई दिसत. पर शांत हाय.