चंदेरी जाकीट कुणी नेलं?

प्रिय दादा,

माहेरी आले आणि पाहते तर तुझं चंदेरी जाकीट ट्रंकेत नाही! घरात विचारायची सोय नाही, म्हणून तुलाच लिहायला बसले. तुला जाऊन अजून वर्ष झालं नाही आणि माणसं तुझ्या ट्रंकेला हात घालू लागली.

संशय कुणावर म्हणशील? वहिनीवर. भाकऱ्या थापताना तिच्या नखांत चमकी दिसली. विचारलं तर म्हणाली, "डबं घासलं." डबे घासून चमकी लागते होय रे? शिवाय चौक गावच्या गॅरेजातला तो नितीन. दादांच्या फोटोला नमस्कार करायला आलो म्हणतो आणि तासन्‌तास स्वयंपाकघरात बसतो. फोटो तर बाहेरच्या खोलीत आहे!

हळदी-लग्नांत वाजवणारी तुझी रॉक पार्टी निघाली तेव्हा सगळे हसलेच होते. कॅसेटवरचं परदेशी बँडचं चित्र पाहून तू डोळ्यांना चमकी फासलीस, उंच टाचांचे बूट चढवलेस आणि गळ्यात गिटार अडकवून पोशीरला हळदीत गेलास. आठवतं? नवऱ्याच्या आईने तुला करवली समजून कुंकू लावलं! पुसायचंस की नाही? तू तसाच वाजवत राहिलास. मग तुमची रीतच पडली, कुंकू लागल्याशिवाय पार्टी वाजवायची नाही. तुझ्या लग्नानंतर ते वहिनीच लावायची.

आता कर्जतपासून चौकपर्यंत जी ती पार्टी चमकी लावून फिरते. तुझं नाव कोण घेतं त्यांत? कुणीतरी सोंग म्हणून तुझं जाकीट घालील आणि पुन्हा तुझं हसं होईल, याचीच मला धास्ती होती.

आणि काल शेजारच्या सुलीच्या हळदीला पार्टी आली. पुढे नितीन, अंगात तुझं जाकीट! मी पदर खोचून निघालेच होते. पण ती तुझीच पार्टी होती, आपल्या दारापुढे येऊन न वाजवता उभी राहिली. सगळ्यांची कपाळं कोरी.

आतून वहिनी कुंकवाचं ताट घेऊन आली. शेजारच्या काकूंनी लगेच अडवलं, "तू नको गं लावूस. बेबी हाय ना, ती लावंल. सवाशीण हाय ती."

वहिनीने ताट सोडलं नाही. "जाकीट मीच दिलं. बाह्या मीच आखूड केल्या. यांच्या पार्टीला मीच लावत आले, काकू. आता मी चालत नाय?"

काकूंनी ताट ओढून माझ्या हातात दिलं. दादा, जाकिटाचं भांडण माझ्या अगदी ओठांवर होतं रे! पण वहिनीचं तोंड बघवेना. मी ताट तिच्याच पुढे धरलं. म्हटलं, "लाव गं वहिनी. पार्टी खोळंबलीय."

नितीनला कुंकू लावताना ती रडली. मीही रडले. मग गिटार असं काही वाजलं की काकूंचासुद्धा पाय हलला. मी पाहिलं ना!

जाकीट मात्र अजून परत आलेलं नाही हं. नितीन म्हणतो, धुवायला टाकलंय. असलं जाकीट कुणी धुतं का? माझं लक्ष आहे त्याच्यावर.

पण तुला शब्द देते. तुझी पार्टी जिथे वाजेल तिथे कुंकू वहिनीच लावील, आणि कुणी काहीही बोललं तरी ताट मी धरीन.

तुझी,
बेबी