समुद्राचा रंग विचारणाऱ्यास काही देणे नाही

मी, तेलेसिया फुइमाओनो, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार सालाइलुआ, सवाई बेट, सामोआ, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, जीभही आहे, आणि मजवर कोणाचेही दडपण नाही. भाचा लाफाएले याच्या नावे केलेले आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कारण नमूद करते. माझा एकुलता एक मुलगा योसुआ जाळे टाकायला गेला तो परतला नाही. लाटांनी होडी तेवढी आणून दिली. लाफाएले ऑकलंडमध्ये नामवंत लेखक आहे. त्याने फोन केला, रडला, फार सुरेख रडला. मग म्हणाला, "आत्या, त्या दिवशी समुद्राचा रंग नेमका कसा होता गं?"

"पाण्यासारखा," मी म्हणाले.

त्याच्या कादंबरीत तो रंग दीड पान चालतो. त्यातली आई केस मोकळे सोडून समुद्राला शाप देते. मी ओट्यावर बसून होते. भूक लागली होती, आणि तिचीच लाज वाटत होती. हे त्याला सांगितले होते, त्याने गाळले. बक्षीस घेताना तो आमच्या 'आलोफा' या शब्दावर बोलला. प्रेम आणि करुणा, दोन्हींना आमच्याकडे हा एकच शब्द, म्हणे. शाळेत तो त्याला मीच शिकवला. योसुआच्या प्रार्थनेला मात्र आला नाही, लिहीत होता.

शेजारीण मातानिऊ हिची डुकरे माझा अळू उकरीत, म्हणून आमचे बोलणे बंद होते. ती न बोलावता आली, कच्ची केळी नारळाच्या दुधात शिजवली, आणि ताट पुढे सरकवले.

"तुझं काय होत असेल ते मला नाही कळायचं," म्हणाली. "माझी सगळी जिवंत आहेत. खा."

मी खाल्ले.

सबब जमीन कुटुंबाची असली, तरी तीवरचे मी बांधलेले घर मातानिऊला द्यावे. तिला हे सांगितले, तर म्हणाली, "आधी मर तर खरी." होडी लाफाएलेने संग्रहालयासाठी मागितली आहे. ती मातानिऊच्या मुलांनी फुटेपर्यंत समुद्रात न्यावी.

लाफाएलेला त्याच्या कादंबरीची प्रत परत करावी; समासात चुका दाखवल्या आहेत. माझ्या अंत्यविधीला त्याने यावे, भाषण करू नये, भांडी घासावीत.

थडग्यासाठी त्याने एक ओळ पाठवली आहे. ओळ सुंदर आहे, म्हणूनच नको. माझे नाव कोरावे, आणि खाली: योसुआची आई.

सही: तेलेसिया फुइमाओनो

समक्ष: एलिसाइआ तोफा, चर्चचे पाळक
पेनिना लेआउपेपे, परिचारिका

सालाइलुआ, १४ ऑगस्ट २०१९