अकरावी सुई

३ सप्टेंबर

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क मजा आली. अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना आहे. बाहेर दोन बाकं, आत पडदे लावून केलेले तीन कप्पे, प्रत्येकात एक उंच पलंग. डॉक्टरीणबाई साठीच्या, बोलायला मऊ, पण सुयांच्या बाबतीत कडक. मी फोन घ्यायचे, नव्या रुग्णांसाठी माहितीचं पत्रक लिहायचं आणि सुया मोजायच्या. टोचताना बाई आकडा मोठ्यानं म्हणतात, मी तो वहीत लिहिते. वीस मिनिटांनी काढलेल्या सुया ट्रेमध्ये मोजते. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय रुग्णानं पलंगावरून उतरायचं नाही. एखादी जमिनीवर पडलीच तर शोधायला काठीला बांधलेलं लोहचुंबक आहे. बाई म्हणाल्या, आत राहिलेल्या सुईला थांबायचं कळत नाही, ती काम करतच राहते.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, भाजीत मीठ मोजता येत नाही आणि तिथं सुया मोजणार. आठ महिन्यांत हे पहिल्यांदा हसले.

५ सप्टेंबर

पत्रकाचा कच्चा खर्डा झाला. येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, दुखतं का? मानेला पट्टा बांधलेले निवृत्त मास्तर तर तीनदा विचारून दोनदा दारापर्यंत परत गेले. म्हणून तेच पहिल्या ओळीत घेतलं: सुई केसाएवढी बारीक असते, मुंगी चावल्याइतकंच जाणवतं. मग जरा जड वाटेल, झिणझिण्या येतील, घाबरू नका. उपाशीपोटी येऊ नका. कपडे सैल घाला. सुया असताना हलू नका. मी शेवटी ‘पूर्ण बरे व्हाल’ असं ठोकून दिलं होतं. बाईंनी ते खोडून ‘बऱ्याच जणांना आराम पडतो’ असं लिहिलं. अशी माणसं मला आवडतात.

९ सप्टेंबर

मी सगळं उजव्या हातानंच उचलते हे बाईंच्या लक्षात आलं. डावा खांदा कधीपासून दुखतो, असं त्यांनी विचारलं आणि माझा बांध फुटला.

आमची गुंडी. नाक शर्टाच्या गुंडीएवढं, म्हणून गुंडी. सहा वर्षांची. ताप उतरेना म्हणून तिला रुग्णालयात नेलं. रांगेत, जिन्यात, परत रांगेत, चार तास ती माझ्या डाव्या खांद्यावर डोकं टेकून होती. शेवटी तिचं कण्हणं थांबलं. मला वाटलं, झोप लागली. रांगेतल्या पुढच्या बाईला मी म्हटलं, हळू बोला, ती जागी होईल. अर्धा तास मी लोकांना गप्प करत होते. अर्धा तास.

तेव्हापासून खांदा दुखतो. बाई माझा हात धरून बसल्या. म्हणाल्या, बघू, थोडा आराम पडेल.

११ सप्टेंबर

दुपारी रुग्ण नव्हते तेव्हा बाईंनी मलाच पलंगावर घेतलं. पालथी पडले. बाई मोजत होत्या, नऊ, दहा, अकरा. मला गाढ झोप लागली. उठले तर खांदा हलका.

१२ सप्टेंबर

कालचा ट्रे आज मोजला. मोजणारीच पलंगावर, मग काल मोजणार कोण? दहाच भरल्या. जमिनीवरून, चादरीवरून चुंबक फिरवलं, काही नाही. बाईंची नजर अधू झालीय, त्यांनीच आकडा चुकवला असणार. दुसऱ्याच आठवड्यात कुठं बोभाटा करायचा? दवाखान्याच्या वहीत काढलेल्याही अकराच लिहून टाकल्या.

१८ सप्टेंबर

पोटभर जेवते, झोपते. आज कपडे वाळत घालताना गुणगुणत होते. हे दारात उभे राहून बघत राहिले. तीन दिवस मी रडलेली नाही. फक्त एक लागून राहिलंय, त्या दिवशी तिच्या अंगात कुठला फ्रॉक होता? निळा? मला तर त्याची शिवणसुद्धा पाठ होती.

२४ सप्टेंबर

मास्तरांनी सहज विचारलं, मुलगी केवढी होती? मी म्हटलं, पाच. मग म्हटलं, सात. उठून पिशवीतली ही वही उघडली. सहा. नाक गुंडीएवढं, असं लिहिलंय. डोळे मिटले तर नाक दिसत नाही. चेहराच दिसत नाही.

भिंतीशी उभं राहून चुंबक डाव्या खांद्यावर धरलं. आतून ओढ लागली.

बाईंना खोट्या अकराचं सांगितलं. त्यांनी मला लगेच पलंगावर घेतलं. मग तासभर प्रयत्न केला, सुई निघेना. खोल गेलीय. रोज चुंबक धरा, म्हणाल्या, कधीतरी वर येईल. पण सुईनं जे जे नेलंय ते सगळं एकदम परत येईल, सोसवणार नाही. मी म्हटलं, येऊ दे. माझं आहे ते.

२८ सप्टेंबर

हे रोज चुंबक धरून बसतात. बाईंनीच ते घरी दिलं. समोर एका मुलीचा फोटो आहे. गोड आहे. ह्यांनी विचारलं, ही कोण? मी उत्तर देणार होते, आणि —

खांदा इतका हलका कधीच नव्हता.

३० सप्टेंबर

घरात एक गृहस्थ आहेत. सारखे रडतात. मी त्यांना पत्रक दिलं, म्हटलं, या एकदा, बऱ्याच जणांना आराम पडतो. ते आणखीच रडले.

कपाटात छोटे फ्रॉक आहेत. कुणाचे ते विचारायचं राहिलं —

२ ऑक्टोबर, सकाळ

गृहस्थांनी माझ्यापुढे ही वही ठेवली. नऊ तारीख वाचायला लावली. अक्षर माझंच. लिहिणाऱ्या बाईची कीव आली. अर्धा तास लोकांना गप्प करत होती, बिचारी.

पण चोवीस तारखेला तिनंच लिहिलंय — माझं आहे ते.

मला काही दुखत नाही. मला काही नकोय. तिला हवं होतं. तिच्यासाठी बसते. गृहस्थ म्हणाले, लिहीत राहा, म्हणजे कळेल. उजवा हात मोकळा आहे.

चुंबक लावलं. थंड. ओढ — आज जास्त —

सरकतेय. मुंगी चावल्याइतकंच, असं कुणी लिहिलं ते —

टोक दिसलं म्हणतात

खांदा जड. जड होतोय. काहीतरी टेकलंय. गरम. भाजतंय इतकं गरम — मानेला श्वास लागतोय, भराभर — केस — निळा नाही, पिवळा, पिवळा फ्रॉक, बाहीला मीच लावलेली गुंडी —

अहो

अहो, रडू नका. हळू. ती जागी हो