आइसीची निळी ताटली

सोमवार, १ डिसेंबर

आजपासून रोजनिशी. नातीनं फोनमध्ये सोय करून दिलीय. मी बोलते, तो लिहून ठेवतो. मला अक्षरओळख नाही, म्हणजे हे मी स्वतःसुद्धा कधी वाचणार नाही. मनातलं ठेवायला यापेक्षा सुरक्षित जागा उभ्या केंटकीत मिळायची नाही.

आइसी येऊन गेली. माझी नणंद, होबार्टची बहीण. होबार्ट देवाघरी गेला, ही मला उरली. यंदा तिचे हात फार थरथरतात. कॉफी निम्मी पोटात, निम्मी मांडीवर. नाताळाआधी चर्चच्या तळघरात आम्हा बायकांची बिस्किटांची अदलाबदल असते. प्रत्येकीनं घरी केलेलं न्यायचं आणि सगळ्यांचं थोडं थोडं घेऊन यायचं. आइसीची निळी ताटली दरवर्षी सगळ्यांच्या आधी रिकामी होते. लोण्याची बिस्किटं, अर्धी चॉकलेटमध्ये बुडवलेली, मधली रेघ अशी सरळ की सुतारानं मारावी.

भाजायचं तिला अजून जमतं, बुडवायचं जमत नाही. म्हणून भाजलेल्या बिस्किटांचा डबा आणि लेकाकडून शहरातून मागवलेलं भारी चॉकलेट माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, "कुणाला कळू देऊ नकोस, वर्डी. डेलफाला तर मुळीच नाही. हात गेला म्हटलं की माझी ताटलीपण गेली." डेलफा म्हणजे अदलाबदलीची मुखत्यारीण. कुणी काय आणायचं, कुणी कुठं बसायचं, सगळं तीच ठरवते.

मी म्हटलं, अगं, वितळवायचं, बुडवायचं, कागदावर ठेवायचं. त्यात काय आहे? शनिवारी तेरा तारखेला लागणार. उद्याच उरकून टाकते.

मंगळवार, २ डिसेंबर

चॉकलेट चाखून पाहिलं. दुसऱ्याचा माल तपासल्याशिवाय वापरू नये. चांगलं आहे.

गुरुवार, ४ डिसेंबर

काल वितळवणार होते, पण गुडघा. चॉकलेट मात्र परत तपासलं. थंडीत बिघडतं असं कुणीतरी म्हणत होतं. बिघडलेलं नाही. मधूनही नाही, कडेनंही नाही.

शनिवार, ६ डिसेंबर, सकाळी

जरा वाईट वाटतंय. आइसीनं विश्वासानं दिलंय. आजपासून बंद. चॉकलेट सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही आणि या वयात स्टुलावर चढायला डॉक्टरनं बंदी केलीय.

संध्याकाळी

स्टूल बरंच मजबूत निघालं.

सोमवार, ८ डिसेंबर

आइसीचा फोन. झालं का, विचारत होती. मी म्हटलं, चॉकलेटला हात घातलाय. यात खोटं काही नाही. ती म्हणाली, देव तुझं भलं करो, तू नसतीस तर मी काय केलं असतं. एवढं कानावर आल्यावर जेवण कसं जाणार? उपाशीपोटी झोपणं माझ्या तब्येतीला चालत नाही, म्हणून थोडं चॉकलेट.

बुधवार, १० डिसेंबर

पुडक्यात कागद फार आणि चॉकलेट कमी झालंय. उंदीर असणार. सापळा लावला. आमिष म्हणून चॉकलेटचाच तुकडा लावावा लागला, उंदराला त्याचीच चटक लागलेली ना.

दुपारी

उंदीर आला नाही. तुकडा वाया जाऊ नये.

शुक्रवार, १२ डिसेंबर, सकाळी

आजच करायचं. राहिलेलं चॉकलेट पातेल्यात तळाला बसलं, बुडवायला बिस्किट आडवं झोपवावं लागेल असं. वाढावं म्हणून गरम पाणी घातलं. एका क्षणात त्याची चिखलाची ढेपळं झाली. चॉकलेट भारी असूनही नाजूक निघालं. त्यात माझा काय दोष?

त्यात थोडी चरबी घातली, थोडी कोकोची पूड. मग आई आठवली. ती मेण घालायची. मुरंब्याच्या बरण्यांची तोंडं ज्यानं बंद करतात ते पांढरं मेण. वाढतंही आणि चकाकी येते. आमच्याकडच्या सगळ्याच जुन्या बायका घालत आल्यात, कुणाला काही झालेलं नाही. पण ते मेण उन्हाळ्यातच संपलंय. न्हाणीघरात एक वासाची मेणबत्ती होती, काचेच्या पेल्यात, हिरवी. पेल्यावर बरंच काही लिहिलेलं होतं. असू दे. झाडाचं चित्र होतं, म्हणजे नाताळाचीच. मेण ते मेण.

दुपारी

झालं सगळं. काय चकाकी आली म्हणून सांगू! त्यात तोंड बघून घ्यावं. रेघही सरळ, जवळजवळ. चव काही बघितली नाही. हल्ली चाखणं फार होतं माझं, कुठंतरी आवर घालायला हवा.

शनिवार, १३ डिसेंबर, संध्याकाळी

निळी ताटली टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवली होती. डेलफानं पहिलं उचललं. घास चावला, थांबली. मग म्हणाली, "नाताळाचं झाड चाटल्यासारखं लागतंय गं." मी तेव्हा कॉफी ओतण्यात गुंतले होते. सगळ्यांचे कप भरलेले होते, तरी गुंतले होते.

एकेकीनं घास कागदात गुंडाळला. मग आइसीनं एक उचललं, दोन्ही हातांनी. चावलं, सावकाश गिळलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. म्हणाली, "हात गेला माझा. काय घातलं, तेही आठवत नाही."

सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. डेलफानं पाठीवरून हात फिरवला. "पुढच्या वर्षी तू नुसती येऊन बस, आइसी. ताटलीचा त्रास नको घेऊस."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तोंडात कुणाचीतरी अक्रोडाची वडी होती.

घरी येताना आइसी ताटली पोटाशी धरून चालत होती. भरलेली ताटली. आजवर ती रिकामीच परत आलेली. पुलाशी आल्यावर म्हणाली, "अर्धं चॉकलेट तुझ्या पोटाचं धरूनच दिलं होतं मी. इतकी वर्षं ओळखते तुला. पण मेणबत्ती कशाला घातलीस, बाई?"

घरी येऊन आज काहीच खाल्लं नाही. खरंच नाही.

उद्या चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, ज्याला मनातलं बोलायचंय तो उठतो तेव्हा, उभी राहणार. सगळ्यांसमोर सांगणार. वाक्य ठरवलंय: ताटली आइसीची, पाप माझं. सोपं आहे. उभं राहायचं, बोलायचं, बसायचं.

रविवार, १४ डिसेंबर

पाद्र्यानं विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. उभी राहिले. गुडघ्यानं साथ दिली, हे विशेष. सगळं चर्च वळून बघायला लागलं. डेलफा पुढच्याच बाकावर, नवी टोपी घालून. तोंड उघडलं आणि आतून निघालं, "आइसीच्या हातांसाठी सगळ्यांनी प्रार्थना करू या."

शेजारून आइसी बसल्या जागेवरून म्हणाली, "आणि वर्डीच्या जिभेसाठीपण. माझे हात थरथरतात म्हणून चॉकलेट तिच्याकडे दिलं होतं."

माना खाली गेल्या. डेलफानं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. आधी डोळ्यात प्रश्न होता, मग राहिला नाही. आमेन मीच सगळ्यात मोठ्यानं म्हटलं.

बाहेर पायरीवर डेलफानं आइसीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. म्हणाली, पुढच्या वर्षी ताटली आली नाही तर याद राख. तू भाज, बुडवायला मी येते तुझ्याकडे, आणि चॉकलेट मी येईपर्यंत कुणाकडे ठेवू नकोस. आइसी हसली. या महिन्यात पहिल्यांदाच हसताना बघितली. मला बरं वाटलं. शेवटी उभी कोण राहिली होती? मी उभी राहिले नसते तर हे सगळं जुळलं असतं का?

मग डेलफा माझ्याकडे वळली. तिनं ठरवून टाकलं, पुढच्या वर्षी मी फक्त कागदी रुमाल आणायचे.

रुमालाचं काम जबाबदारीचं असतं, सगळ्यांना जमत नाही. उद्याच आणून वरच्या फळीवर ठेवून देते. रुमाल काही खायची वस्तू नाही.