श्वासभर उशीर

रविवार, संध्याकाळ

काका,

तुमच्या गावच्या सभागृहात आज दुपारी मी दोन्ही हात पट्ट्यांवर अधांतरी धरून थांबले होते, आणि नवा चेलोवाला एकटाच वाजवत होता.

नमस्कार राहिला. तो करते. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र. गुडघा कसा आहे, गोळ्या वेळेवर घेता का, हे विचारायचा हक्क मला आहे की नाही ते पत्र वाचून ठरवा.

कार्यक्रम बरा झाला. खुर्च्या शाळेतून आणल्या होत्या, लहान मुलांच्या. पहिल्या दोन रांगांतली माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. पियानोही शाळेचाच. त्याची एक पट्टी दाबली की वर यायची नाही. धाकट्यांनी सकाळी वाकून तिच्याखालून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि म्हणाले, "शिक्षणातला अडथळा दूर केला." मधली हसली. थोरले हसले नाहीत.

ही नावं तुम्हीच ठेवलेली. पहिलं व्हायोलिन थोरले, दुसरं धाकटे, व्हिओला मधली, आणि चेलोवर तुम्ही, काका. मी दोन वर्षं पियानोवर तुमच्याबरोबर वाजवूनही पाहुणीच. पाहुणीने जेवावं, घरच्या भांडणात पडू नये, असं तुम्ही पहिल्याच तालमीला बजावलं होतंत. चौघांचं चौघांत, हा तुमचा कायदा.

दुसऱ्या भागात ती जागा येते. ही रचना तुमच्यानंतर आज पहिल्यांदाच लोकांसमोर घेतली. सगळे थांबतात, मग चेलोचे खालचे दोन सूर, आणि दुसऱ्या सुराबरोबर आम्ही चौघं. नव्याने पहिला सूर घेतला, दुसरा घेतला, अगदी ठोक्यावर. आम्ही कुणीच आलो नाही. श्वासभर उशिरा आलो, चौघंही, एकदम. तालीम करून बसवल्यासारखे.

श्रोत्यांना कळलं नाही. काहींना ते आवडलंही असेल. नव्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नंतर तो एकेकाकडे जाऊन माफी मागत होता, माझी घाई झाली म्हणून. शेवटी मधली त्याला म्हणाली, "तू बरोबर होतास. आम्हाला सवय आहे." कसली, ते तिने सांगितलं नाही.

दोन वर्षं आम्ही त्या जागी तुमच्यासाठी थांबत होतो, काका. तुमचा हात तिथे मागे पडायचा. आधी तिथेच, मग इतरत्रही. थांबायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. जिन्याची एखादी पायरी मोडकी असली की घरातली माणसं न बघता ती ओलांडतात, तसं.

हे लिहायचं नव्हतं. आक्कांबद्दल लिहायचं होतं.

तुमच्या आक्का पहिल्या रांगेत होत्या. कार्यक्रमानंतर आम्हाला घरी घेऊन गेल्या. शिवणयंत्रावरचं कापड आवरलं, सगळ्यांना बसायला दिलं, चहा दिला. थोरल्यांना दिला नाही. ते दारातच उभे राहिले, व्हायोलिनची पेटी हातात धरून. ती खाली ठेवू का, हेही त्यांनी विचारलं नाही. आक्का त्यांच्या देखत मला म्हणाल्या, "एकतीस वर्षांची दोस्ती. माझ्या हातचं किती जेवलाय हा, आणि यानेच माझ्या भावाच्या पोटावर पाय दिला." मग त्यांनी माझा हात हातात घेतला. "पोरी, तू तेवढी त्याची राहिलीस."

मी चहा प्यायले. माझा कप बाकीच्यांपेक्षा मोठा होता. सगळा प्यायले.

थोरल्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. बोलू नकोस, अशी.

मार्चमधली गोष्ट. तालमीच्या खोलीमागे मी कप विसळत होते. थोरले आले. महोत्सवाचं बोलावणं आलं होतं, पाचही जणांना, आणि त्याच आठवड्यात तुम्ही एकाच जागी दोनदा चुकला होतात. धाकटे आणि मधली त्यावर बोलायला तयार नव्हते. थोरल्यांना तुम्ही हवे होतात. म्हणूनच स्वतःच्या कानांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. "तू बाहेरची आहेस," ते म्हणाले. "खरं सांग. त्याचा हात मागे पडतो का?"

पाहुणीला विचारू नका, एवढं म्हणता आलं असतं. मी नळ बंद केला आणि म्हणाले, "दोन वर्षं पडतोय. ते असतील तर महोत्सवात आपलं हसं होईल."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं मी माझ्यासाठी बोलले. त्या बोलावण्यात माझं नाव पहिल्यांदा छापून आलं होतं. ते मी बॅगेत घेऊन हिंडत होते, घडी मोडू नये म्हणून वहीत ठेवून.

थोरल्यांनी तुम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. तुम्ही विचारलंत, कोण म्हणतं असं. ते म्हणाले, मी म्हणतो. तेव्हा मी शेजारच्या खोलीत स्वरलिपीची पानं लावत होते. दार उघडं होतं. तुम्ही त्यांच्या घराची किल्ली तुमच्या जुडग्यातून काढायला लागलात. ती निघेना. खूप वेळ लागला. कुणी पुढे झालं नाही, मीही नाही. मग ती टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

पुढे एकदा मी थोरल्यांना म्हटलं, मी जाऊन सांगते. ते म्हणाले, "राग धरायला त्याला मी एकटा पुरतो. तू रियाज कर." मी रियाज केला. महोत्सवात चांगलं वाजवलं. वर्तमानपत्रात आलं, तुम्ही वाचलं असेल.

तुमचा हात मागे पडत होता, हे मी परत घेत नाही. तसं लिहिलं तर ते तुम्हाला पटणार नाही. पण तो शब्द थोरल्यांचा नव्हता. गेले सात महिने ते तालमीला सगळ्यांच्या आधी येतात आणि पाच खुर्च्या मांडताना तुमची तिरकी लावतात, तुम्हाला खिडकीचा उजेड डोळ्यांवर नको असायचा म्हणून. नवा येतो आणि ती सरळ करतो.

मला उत्तर नको. त्यांना एक फोन करा. ते काही बोलणार नाहीत, तुम्हालाच बोलावं लागेल.

"आपली" असं लिहून पुढे काय लिहू, सुचत नाही.

पियानोवाली

सोमवार, सकाळ

पाकीट चिकटवायच्या आधी आक्कांकडे जाऊन आले. उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, शिवण पुरी केली, दोरा तोडला. थोरले गेले का, एवढंच विचारलं. गाडीत बसलेत म्हटल्यावर त्या अनवाणीच बाहेर पडल्या. गाडीच्या खिडकीशी उभं राहून त्यांच्याशी बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. माझ्याशी बोलल्या नाहीत. पत्र आता पेटीत टाकते आहे.